जादू फुकट असेल तर सेटिंग कोसळतं

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग गेमसाठी नवीन कॅम्पेन (अनेक बैठका चालणारी गोष्ट) आणि तिचं सेटिंग, म्हणजे कल्पित जग, लिहायला बसलं की बहुतेक डीएम (खेळ चालवणारे) आधी नकाशा काढतात, मग राजे, घराणी, देवांची नावं, जुनी युद्धं, सगळं हौसेने. जादू मात्र रूलबुकातून आहे तशी उचलायची. मग तिसऱ्या सेशनला गोची होते.

डीएनडीच्या, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या गेमच्या, पाचव्या एडिशनचंच घ्या. तुम्ही झकास मर्डर मिस्ट्री रचलीय, प्रधानाचा खून, सहा संशयित, आणि पाचव्या लेव्हलचा क्लेरिक (देवाच्या बळावर जादू करणारा पुजारी) येऊन स्पीक विथ डेड हा स्पेल, म्हणजे मंत्र, टाकतो आणि प्रेतालाच पाच प्रश्न विचारतो. संपला खेळ! यावर स्पेल बॅन करणं हा आळशी उपाय झाला. नियम नीट वाचा, प्रेताला तोंड शाबूत लागतं. म्हणजे या जगातला सराईत खुनी आधी जबडा फोडणार, आणि जबडा शाबूत असलेलं प्रेत सापडलं की कोतवालाला उलट संशय यायला हवा की हा खून कुणीतरी नवख्याने किंवा रागाच्या भरात केलाय. बघा, एका स्पेलमधून गुन्हेगारी जग उभं राहिलं, नकाशा न काढता.

सर्व्हायव्हल कॅम्पेनचंही तेच. वाळवंट, भूक, तहान, मस्त वातावरण, आणि पहिल्याच लेव्हलचा ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा) गुडबेरी हा स्पेल टाकून दहा बोरं काढतो, एक बोर म्हणजे एका माणसाचं दिवसभराचं पोषण. 'लो मॅजिक', म्हणजे कमी जादूचं, सेटिंग म्हणून मिरवणारे लोक फायरबॉल (आगीच्या गोळ्याचा स्पेल) काढतात आणि हे ठेवतात, मला तर हसूच येतं. फायरबॉलने जॉनर (गोष्टीचा प्रकार) बदलत नाही हो, गुडबेरीने बदलतो.

1991 मध्ये आलेल्या डार्क सन या डीएनडीच्याच सेटिंगने हे बरोबर पकडलं होतं. तिथे डिफायलर (निसर्गाचा जीव शोषणारा जादूगार) जादू करतो तेव्हा आजूबाजूची झाडंझुडपं जळून राख होतात, जमीन नापीक होते. म्हणजे जग वाळवंट का झालं आणि लोक जादूगारांचा द्वेष का करतात, दोन्हीची उत्तरं एकाच नियमात. कॉल ऑफ कथुलू या भयकथांच्या गेममध्ये (1981) स्पेलची किंमत बऱ्याचदा तुमच्या सॅनिटीतून, म्हणजे मानसिक संतुलनाच्या आकड्यातून, जाते, म्हणून मंत्राचं पुस्तक सापडलं की प्लेअर खूश होण्याऐवजी एकमेकांकडे बघतात, आधी कोण वाचणार.

आणि माझा लाडका गेम आर्स मॅजिका, 1987चा. पाच लॅटिन क्रियापदं, दहा नामं, जोड्या लावून स्पेल बनवायचे, क्रेओ म्हणजे निर्माण करणं आणि इग्नेम म्हणजे आग, झालं. पण खरी गंमत वेळेची आहे. तिथे जादूगाराला अभ्यासासाठी अख्खा सीझन, म्हणजे तीन महिने, लॅबमध्ये शांतपणे बसायचं असतं. त्यामुळे साहस ही कटकट वाटते, गावकरी दार ठोठावतात आणि हा वैतागतो, आणि बघता बघता कॅम्पेनमध्ये वर्षं निघून जातात. हिरो गुहेत शिरून खजिना आणतात तो जॉनर इथे जमतच नाही, आणि कुणी तसा प्रयत्न केला तर लॅबचं काम बुडतं.

सध्या मी डीएनडीसाठीच एक सेटिंग लिहितोय. मेलेल्याला जिवंत करणाऱ्या रेझ डेड या स्पेलला 500 सोन्याच्या नाण्यांचा हिरा लागतो आणि तो वापरला की संपतो, एवढं एकच वाक्य घेतलंय. हिऱ्याच्या खाणी एकाच राणीकडे, कुणाला परत जिवंत करायचं हे तिचं ऑफिस ठरवतं, आणि मेल्यापासून दहा दिवसांची मुदत असल्याने त्या ऑफिसबाहेर प्रेतं घेऊन रांगा. देवांची नावं अजून ठरलेली नाहीत.