नुसतं गवत?

आमच्याकडे ससा आहे म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेलाच, "मग रोज किती गाजरं लागतात हो?" एकही नाही म्हटलं की असं बघतात जसं काही मी त्याला उपाशीच ठेवलाय. गाजरात साखर भरपूर, त्याच्यासाठी ते पेढ्यासारखं, कधीतरी बोटभर तुकडा दिला तर दिला. पण चित्रात ससा म्हटलं की हातात गाजर, आणि ते डोक्यात इतकं पक्कं बसलंय की कुणी ऐकूनच घेत नाही.

बंड्याचं खरं जेवण म्हणजे वाळलेलं गवत. दिवसभर, लागेल तेवढं. थोडी कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला (आमची भाजीवाली तो गाईसाठी बाजूला टाकायची, आता आधी मला विचारते) आणि गोळ्यांचं खाद्य चमचाभर. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात, वर्षाला दहा सेंटीमीटरच्याही वर, आणि ते झिजतात गवत चावून चावूनच. एकदा जवळ बसून बघा, काडी एका टोकाने आत जायला लागते, जबडा आडवा चालतो, कुरकुर कुरकुर, आणि बघता बघता काडी संपते, जणू कुणी आतून ओढून घेतली. मी तर टीव्ही सोडून बघत बसते.

पण "नुसतं गवत?" हे काही सुटत नाही. शेजारच्या काकू दुधात पोळी कुस्करून आणतात. वॉचमनदादा सांगतात, सशाला पाणी पाजू नका, मरतो. हे तर मी इतक्या जणांकडून ऐकलंय, आणि इकडे आमचा हा उन्हाळ्यात वाडगा तळापर्यंत चाटून ठेवतो.

आणि मग आपलं नाशिक! फेब्रुवारी-मार्चमध्ये इथे माणसाला द्राक्षं नको म्हणता येत नाहीत, सशाला कोण विचारतो. आत्या पिंपळगावहून पेटी घेऊन आली, मी ऑफिसला गेलेली, आणि तिने प्रेमाने त्याला अर्धा घोस चारला. एखादं द्राक्ष चाललं असतं. संध्याकाळी येऊन बघते तर हा कोपऱ्यात पाठ वर काढून बसलेला, लेंड्या बंद, कोथिंबीर नाकाशी धरली तर तोंड फिरवलं. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर पैशाला पासरी, पण ससा हाताळणारा शोधता शोधता रात्रीचे नऊ वाजले. ते म्हणाले, सशाला ओकता येत नाही, आत गेलं ते पुढेच सरकलं पाहिजे, दहा-बारा तास काही खाल्लं नाही तर सकाळची वाट बघायचीच नाही. इंजेक्शन झालं, रात्रभर सिरिंजने पातळ खाद्य भरवलं, आत्या माझ्याबरोबर जागी. पहाटे चारला पहिली लेंडी पडली आणि आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या, लेंडीसाठी!

दुसऱ्या दिवशी ती ओरडली, "अगं, हा घाण खातोय!" हो, खातो. सशाच्या लेंडीच्या दोन तऱ्हा असतात, एक कोरडी गोल आणि एक मऊ, चकचकीत, बारीक द्राक्षाच्या घोसासारखी, ती तो स्वतःच वाकून खातो. त्यात जीवनसत्त्वं असतात, अन्न दुसऱ्यांदा पोटातून जातं. गोड जास्त झालं की हाच घोस बिघडतो, केसांना चिकटतो. आत्या थोडा वेळ गप्प, मग म्हणाली, "म्हणजे याला आपली द्राक्षं नकोतच, स्वतःची आहेत."

आता संकष्टीला ती आली की रविवार कारंजावर चांदीच्या गणपतीला जाते, आणि येताना दुर्वांच्या दोन जुड्या जास्तीच्या आणते. शेवटी दुर्वा म्हणजे हरळीच, गवतच की. नळाखाली धुते, दोरा सोडते, आणि बंड्यापुढे ठेवताना माझ्याकडे बघून विचारते, "मोजून एकवीस देऊ, का चालेल जास्त?"