बँजोच्या प्रीॲम्पमधला डायोड क्लिपर लॅपटॉपमध्ये उतरवताना: माझा अनुभव

खान्देशात लग्नसराई ऐन उन्हाळ्यात, आणि वरातीत बँजो हवाच. मी हातात घेतलेल्या बँजोच्या प्रीॲम्पमध्ये तो जरा फाटका, टोकदार आवाज अगदी थोड्या भागांतून निघतो: सिग्नलच्या वाटेत २.२ किलोओहमचा रेझिस्टर, त्यापुढे ग्राउंडला १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याच्याच समांतर, एकमेकांच्या उलट जोडलेले दोन १एन४१४८ डायोड. ते सिग्नलचे माथे कापतात, म्हणून हा क्लिपर. रेकॉर्डिंग स्वच्छ घ्यायचं आणि हा फाटकेपणा नंतर हवा तेवढा चढवायचा, यासाठी हे सर्किट संगणकात हवं होतं.

पद्धत घेतली वेव्ह डिजिटल फिल्टरची. बोखुम विद्यापीठातले आल्फ्रेड फेटवाइस यांनी ती १९७०च्या सुमारास मांडली. यात प्रत्येक पोर्टवर (घटकाच्या दोन टोकांच्या जोडीवर) व्होल्टेज आणि करंट थेट न धरता दोन लहरी धरतात. घटकात शिरणारी लहर म्हणजे व्होल्टेज अधिक (पोर्टचा रोध गुणिले करंट), परतणारी लहर म्हणजे व्होल्टेज वजा तेवढंच. पोर्टचा रोध किती धरायचा हे आपल्या हातात असतं, आणि सगळी गंमत तिथेच आहे. रेझिस्टरला त्याचाच रोध दिला की काहीच परत येत नाही. सोर्स आणि त्याच्या सिरीजमधला रेझिस्टर एकत्र धरले तर परतते ती सोर्सच्या व्होल्टेजइतकी लहर. कपॅसिटरला 'सँपलचा काळ (आवाजाच्या दोन नोंदींमधलं अंतर) भागिले दुप्पट कपॅसिटन्स' इतका रोध दिला की मागच्या सँपलला शिरलेली लहर या सँपलला जशीच्या तशी बाहेर येते. म्हणजे कपॅसिटर हा एका सँपलचा डिले, बस्स.

४८ किलोहर्ट्झला एक सँपल २०.८३ मायक्रोसेकंदांचं, म्हणून कपॅसिटरच्या पोर्टचा रोध १०४१.७ ओहम. तो आणि सोर्सचा २२०० ओहम पॅरलल ॲडाप्टरला (पोर्टांमध्ये लहरी वाटून देणाऱ्या जोडाला) जोडले, आणि ॲडाप्टरच्या वरच्या पोर्टला दोघांचा समांतर रोध दिला: ७०६.९ ओहम. असं केलं की वरच्या पोर्टला शिरणारी लहर तिथूनच लगेच परतत नाही आणि उत्तरासाठी उत्तरच लागण्याचं चक्र तुटतं. वर जाणारी लहर = ०.३२१ × सोर्सची लहर + ०.६७९ × कपॅसिटरची लहर. डायोडची जोडी मात्र अशी जुळवून घेता येत नाही, तिला या उलट्या झाडासारख्या रचनेच्या मुळाशीच, म्हणजे वरच्या पोर्टला, बसवावं लागतं, आणि मुळाशी जागा एकच. तीन पॉटचा टोन स्टॅक (बास-मिड-ट्रेबल फिरवण्याचं सर्किट) सिरीज-पॅरललमध्ये मोडत नाही. त्याला अशा जोडणीसाठीचा आर-टाइप ॲडाप्टर लागतो, तो मी इथे घेतला नाही.

डायोडचं समीकरण लँबर्ट डब्ल्यू या, घातांकी समीकरणं सोडवणाऱ्या, फलनाने सुटतं. स्पाइस या सर्किट सिम्युलेटरच्या मॉडेलमधले आकडे घेतले: सॅच्युरेशन करंट २.५२ नॅनोअँपियर, एन (डायोड आदर्शापासून किती दूर ते सांगणारा गुणक) १.७५२. खोलीच्या तापमानाला एन गुणिले थर्मल व्होल्टेज (तापमानाबरोबर वाढणारं) साधारण ४५ मिलिव्होल्ट होतं. लहर ४ व्होल्टच्या वर गेली की घातांक ८८ ओलांडतो, सिंगल प्रिसिजनमध्ये (३२ बिटांच्या आकड्यांत) उत्तर अनंत येतं आणि स्पीकरमधून फाटकन आवाज येऊन पुढे सगळं गप्प. उपाय म्हणजे राइट ओमेगा फलन: ते घातांकी आकड्याऐवजी त्याचा लॉगच घेतं, मोठा आकडा बनतच नाही.

आवाज ऐकण्याआधी एक तपासणी करावी. १ व्होल्ट डीसी द्या. थोड्याच सँपलांत आउटपुट सुमारे ०.५१५ व्होल्टवर स्थिरावलं पाहिजे. एलटीस्पाइसमध्येही तेवढंच येतं. इथे फरक पडला तर चिन्ह चुकलंय, पुढे जाऊ नका.

मग ओव्हरसँपलिंग, म्हणजे हे गणित कित्येक पट सँपल रेटवर करणं. क्लिपिंगमधून निघालेले वरचे हार्मोनिक्स दुमडून खाली येतात आणि वरच्या पट्टीत बेसूर शिट्टी ऐकू येते. चौपट ओव्हरसँपलिंग केल्यावर ती बरीच दबली. फायदा आणखी एक: सर्किटचा कटऑफ ७.२३ किलोहर्ट्झ, तो ४८ किलोहर्ट्झच्या मॉडेलमध्ये घसरून ६.७६ वर येतो, १९२ ला ७.२० वर राहतो. पण सँपल रेट बदलला की कपॅसिटरचा पोर्ट २६०.४ ओहम होतो आणि ॲडाप्टरचे दोन्ही गुणक बदलतात. ते नव्याने काढले नाहीत तर मॉडेल चालतं, फक्त दुसऱ्याच सर्किटचं.

इथवरचं गणित सोपं. खरा वेळ जातो तो प्रीॲम्पच्या खऱ्या डब्याशी जुळवण्यात.

पहिली गोष्ट, फाइलमधला १.० म्हणजे किती व्होल्ट? हे ठरवल्याशिवाय डायोडचे आकडे निरर्थक. ऑडिओ इंटरफेसमधून साइन वेव्ह काढून मोजा, पण १०० हर्ट्झची: स्वस्त मल्टिमीटरची एसी रेंज ५० हर्ट्झच्या आसपासच भरवशाची. आलेल्या आकड्याला १.४१४ ने गुणलं की पीक मिळतो.

दुसरी, भागांवरचा छाप. '१०३' (म्हणजे १० नॅनोफॅरड) छापलेला साधा सिरॅमिक कपॅसिटर वीस टक्के इकडेतिकडे असतोच. एक पाय सोडवून एलसीआर मीटरवर मोजा आणि तोच आकडा मॉडेलमध्ये घाला.

तिसरी गोष्ट खास आपल्याकडची. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर जातो, बंद डब्यात त्याहून जास्त. सिलिकॉन डायोडचा ड्रॉप दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्ट उतरतो. २५ अंशांना ०.६० व्होल्टवर कापणारा डायोड ४५ ला ०.५६ वर कापतो. मॉडेलमध्ये तापमान घालताना नुसता थर्मल व्होल्टेज वाढवला तर उलटंच होतं: ड्रॉप ०.६४ वर चढतो. सोबत सॅच्युरेशन करंट सुमारे पाचपट करावा लागतो, तेव्हा ०.५६ जुळतो. कानाला हा फरक जेमतेम, कारण पातळीत तो ०.६ डेसिबलच आहे. पण ऑसिलोस्कोपवर खरा आणि मॉडेलचा वेव्हफॉर्म एकमेकांवर ठेवले की माथा वेगळा दिसतो, आणि माणूस उगाच कोडमध्ये चूक शोधत बसतो. म्हणून मोजताना डब्याचं तापमानही लिहून ठेवा.

शेवटचं किरकोळ: बँजो थांबल्यावर कपॅसिटरमधली लहर विरत विरत इतकी बारीक होते की प्रोसेसरवरचा भार अचानक वाढतो. फ्लश-टू-झीरो (असे अतिबारीक आकडे सरळ शून्य धरण्याची सोय) चालू करा.