दिवा लागतोय, मोजा थंड: हीटेड ग्लोव्हजच्या वॉरंटीचा माझा अनुभव

थंडीत बाइक चालवणाऱ्याला बोटं कशी बधिरतात हे सांगायला नको. हवा ५ अंश आणि वेग ताशी ८० किलोमीटर असेल, तर उघड्या कातडीला ती उणे ३ च्या आसपास जाणवते. त्यात शरीर आपला गाभा ऊबदार ठेवायला हातापायांचं रक्त आखडतं घेतं. जाड हातमोजे स्वतः ऊब तयार करत नाहीत, असलेली धरून ठेवतात. बोटांत रक्तच कमी आलं तर धरायचं काय? म्हणून मी बॅटरीवर तापणारे हातमोजे घेतले. खरेदी, चार्जिंग, पहिल्या काही फेऱ्या सगळं विनातक्रार झालं.

मग डावा मोजा मध्येच थंड पडायला लागला. बटणावरचा दिवा लाल, म्हणजे पूर्ण जोर, आणि बोटं गार. मूठ वळली की कधी तापायचा, कधी नाही. अशा वेळी सगळ्यात आधी बॅटऱ्यांची अदलाबदल करा. डावी उजव्यात, उजवी डाव्यात. थंडी बॅटरीबरोबर दुसऱ्या हातात गेली तर दोष बॅटरीचा, आणि त्याच हातात राहिली तर मोज्याच्या आतला. माझी थंडी डाव्यातच मुक्कामाला राहिली. क्लच दाबताना बोटांच्या मुळाशी तार सारखी वाकते, तिथेच ती तुटत आली असावी असा माझा तर्क.

हे सगळं नीट लिहून कंपनीला कळवलं. उत्तर आलं, ‘बॅटरी पूर्ण चार्ज करून पुन्हा वापरून पाहा.’ पाहिलं, कळवलं. ‘दुसरा चार्जर वापरून पाहा.’ अदलाबदलीचा परिच्छेद कोणी वाचलाच नव्हता. मग एकदाचा फॉर्म आला, आणि त्यात सिरियल नंबर सक्तीचा. तो बॅटरीच्या खिशात आत शिवलेल्या पट्टीवर असतो, म्हणजे नेमका जिथे बॅटरी रोज घासते तिथे. अक्षरं निम्मी उडालेली. बिल जोडलं, तर ‘नंबराशिवाय अर्ज पुढे जाणार नाही.’ शेवटी मोबाइलचा टॉर्च आडवा धरून, उमटलेल्या खुणांवरून आकडे वाचले. नवे मोजे हातात घालायच्या आधी त्या पट्टीचा फोटो काढून ठेवा. आत्ता ज्यांच्याकडे आहेत त्यांनी आत्ता काढा.

पुढची मागणी तर कहर होती: ‘मोजा तापत नसल्याचा व्हिडिओ पाठवा.’ थंडी व्हिडिओत दिसते कशी? मी बटण दाबलं, दिवा लागला, मोज्यात हात घालून ‘गार आहे’ असं म्हणालो आणि पाठवला. उत्तर: ‘व्हिडिओत दिवा लागलेला दिसतो, त्यामुळे उत्पादन चालू स्थितीत आहे.’ आता दिवा बटणाचा, तो बॅटरीतून वीज मिळाली की लागणारच. बोटांपर्यंत वीज पोचते की नाही हे त्याला काय माहीत! पण हे समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मग मी दोन तारवाले डिजिटल थर्मामीटर घेतले. (ताप मोजायचा चालत नाही, त्याची मापनकक्षा फारच तोकडी.) दोन्ही मोज्यांच्या मधल्या बोटात एकेक टोक खुपसलं, मोजे शेजारी ठेवले, दोन्ही एकाच वेळी पूर्ण जोरावर केले. मागे घड्याळ, व्हिडिओ सलग, मध्ये कुठे कापलेला नाही. उजवीकडचा आकडा चढत गेला, डावीकडचा जागचा हलेना. या व्हिडिओचा मला अजून अभिमान आहे. अर्ज मंजूर झाला.

पण मंजूर झाल्याने काय होतं? ‘दोन्ही मोजे बॅटऱ्यांसह पाठवा.’ कुरिअरवाल्याने विचारलं, लिथियम बॅटरी आहे का? आहे. फॉर्मवर काय लिहिलंय? ‘सदोष उत्पादन, बॅटरीसह.’ त्याने पार्सल तिथेच परत सरकवलं. आणि त्याचं बरोबर होतं. सदोष लिथियम बॅटरी विमानाने पाठवायला बंदी आहे. नुसत्या, उपकरणाशिवायच्या लिथियम-आयन बॅटऱ्या तर एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून माल म्हणून जातच नाहीत. कंपनी म्हणे बॅटरीशिवाय तपासणी होणार नाही, कुरिअर म्हणे बॅटरीसह उचलणार नाही. मी दोघांच्या मध्ये, आणि थंडी सरत चाललेली.

ही गाठ सुटली ती एका वाक्याने. मी लिहिलं, ‘दोन्ही बॅटऱ्या निर्दोष आहेत, त्या उजव्या मोज्यात चालतात, दोष केवळ डाव्या मोज्याच्या आत आहे, म्हणून फक्त मोजे स्वीकारावेत.’ आणि मेल न करता फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकलं, फॉर्मवरचं ‘बॅटरीसह’ काढून टाकलं आणि नवी पावती पाठवली. बस, एवढंच! सुरुवातीला कोणी वाचली नाही ती अदलाबदल शेवटी अशी उपयोगी पडली. नवी जोडी आली, ती उत्तम तापते.

मधल्या काळात हीटेड ग्रिपवर, म्हणजे हँडलच्या तापणाऱ्या मुठींवर भागवलं. ग्रिप तळहात तापवते, वारा लागतो मुठीच्या वरच्या बाजूला. ग्लोव्हजमधली तार बहुधा त्या वरच्या बाजूने आणि बोटांवरून फिरवलेली असते. त्यामुळे दोन्ही असतील तर दोन्ही मंद ठेवून चालतं आणि बॅटरीही पुरते.

बॅटरीवरून आठवलं, खोक्यावरचे तास बहुतेक वेळा सगळ्यात मंद पायरीचे असतात. ७.४ व्होल्ट, २२०० मिलिअँपिअर-अवर म्हणजे सुमारे १६ वॉट-तास. मोजा पूर्ण जोरावर ८ वॉट खात असेल तर दोन तास, आणि थंडीत त्याहून कमी. म्हणून निघतानाच चालू करा आणि गरम झाले की पायरी उतरवा. बोटं गारठल्यावर चालू केलं तर पूर्ण जोरच लागतो.

लांब पल्ल्याला बाइकच्या १२ व्होल्टवर चालणारे वायरवाले बरे. जोडी साधारण २५ वॉट घेते, पण लहान बाइकच्या अल्टरनेटरकडे (इंजिनवर फिरून वीज तयार करतो तो) तेवढी शिल्लक आहे का ते आधी पाहा. इंजिन चालू असताना आणि मोजे तापत असताना बाइकच्या बॅटरीवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत. आकडा साडेबाराच्या खाली उतरला तर बॅटरी रिकामी होतेय. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. मी वायरच्या वाटेला गेलो नाही, कारण दुसऱ्या हाताची पिन मोजा घातलेल्या हाताने लावायची कसरत मला जमत नाही.

मधुमेहामुळे ज्यांच्या बोटांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी पूर्ण जोर टाळावा. पंचेचाळीस अंशांनीसुद्धा बराच वेळ टेकून राहिलं तर कातडी भाजते आणि ते कळतही नाही. आत पातळ मोजा घातलेला बरा.

विकत घेताना लेबलावर ईएन १३५९४ शोधा, ते मोटरसायकलच्या हातमोज्यांचं मानक आहे. स्कीइंगसाठीचे तापणारे मोजे दिसायला तसेच असतात, पण घसरून पडलात तर तळहात वाचवतील याची खात्री नाही. आणि बॅटऱ्या शून्याखालच्या थंडीत चार्ज करू नका, घरात आणून, खोलीच्या तापमानाला आल्यावर करा. हंगाम संपला की मोज्यातून काढून निम्म्या चार्जवर ठेवा.