ओमाहाला सतरा वेळा

खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी तेवीस वर्षे शारीरिक शिक्षण शिकवतो आणि मुलींच्या खो-खो संघाचा सराव घेतो. आमच्या तालुक्यात बेसबॉल खेळताना मी कोणाला पाहिलेले नाही, तरीही फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या माइक मार्टिन यांची कारकीर्द मी गेले काही महिने जिव्हाळ्याने वाचतो आहे.

१९८० ते २०१९ असे सलग ४० हंगाम ते त्या एकाच विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक होते. दुसरे एक विद्यापीठ-बेसबॉल प्रशिक्षक ऑगी गॅरिडो यांचा १,९७५ विजयांचा विक्रम त्यांनी २०१८ साली मागे टाकला आणि २,०२९ विजयांवर ते निवृत्त झाले. गॅरिडो यांच्या नावावर पाच राष्ट्रीय अजिंक्यपदे होती. मार्टिन यांच्या नावावर एकही नाही. नेब्रास्कातील ओमाहा शहरात दर जूनमध्ये आठ संघांची जी निर्णायक स्पर्धा भरते, तिथे ते सतरा वेळा संघ घेऊन गेले, १९८६ आणि १९९९ साली तर अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले, पण चषक आला नाही.

या कारकिर्दीला अपुरी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. बस्टर पोझी हा मुलगा त्यांच्याकडे आला तो शॉर्टस्टॉप म्हणून, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक म्हणून. दुसऱ्या वर्षी त्याला कॅचर केले गेले, म्हणजे फलंदाजामागे उकिडवे बसून प्रत्येक चेंडू घेणारा आणि समोर पसरलेले अख्खे मैदान सांभाळणारा खेळाडू. त्याच जागेवर खेळत पुढे त्याने सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या व्यावसायिक संघासोबत २०१०, २०१२ आणि २०१४ अशी ‘वर्ल्ड सिरीज’ची तीन विजेतेपदे मिळवली. खेळाडूची खरी जागा ओळखणे हे आमच्या कामातले सर्वांत अवघड काम आहे. एका मुलीला मी दोन वर्षे मधल्या चौकात बसवत होतो. खांबाजवळ बसवल्यावर ती सूर मारून असे गडी टिपू लागली की माझी ती दोन वर्षे मला आजही बोचतात.

मार्टिन यांचा शेवटचा सामना ओमाहातच झाला आणि तोही ते हरले. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये फ्लोरिडा स्टेटचा संघ पुन्हा ओमाहाला पोहोचला, तेव्हा त्याचे मुख्य प्रशिक्षक होते लिंक जॅरेट, नव्वदच्या दशकात मार्टिन यांच्याच संघात शॉर्टस्टॉपच्या जागी खेळलेले.