विमानाचा धूर आणि टेकडीवरची रोपं

रविवार रात्र, मे

दिवाळीत ताईकडे लंडनला जायचं चाललंय म्हणून दुपारी तिकिटं बघत होते, तर पैसे भरायच्या पानावर एक चौकट, थोडे जास्तीचे द्या, आम्ही झाडं लावतो, तुमचा प्रवास कार्बन न्यूट्रल, म्हणजे विमानानं सोडलेला कार्बन झाडं शोषून घेणार आणि हिशेब शून्य. टिक नाही केलं. प्रश्न पैशांचा नाही, मला ते पटतच नाही.

एक किलो विमानाचं इंधन जळलं की तीन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड होतो, हवेतला ऑक्सिजन येऊन मिळतो ना त्याला. मुंबई-लंडन जाऊन-येऊन माणशी अंदाजे एक टन धरा. चांगलं वाढलेलं झाड वर्षाला वीसेक किलो घेतं असं सर्वसाधारणपणे धरतात, म्हणजे माझ्या एका ट्रिपला ५० झाडांचं अख्खं वर्ष, आणि तीही मोठी झाडं हां, वीतभर रोपाला तिथवर पोचायला कितीतरी वर्षं जातात, धूर मात्र त्याच दिवशी वर गेलेला असतो.

आणि रोप जगलं तर! कोल्डप्ले या ब्रिटिश बँडवाल्यांनी २००२ च्या अल्बमच्या कार्बनची भरपाई म्हणून कर्नाटकात १०,००० आंब्याची रोपं लावायचं ठरवलं होतं, पुढे बातम्या आल्या की पाण्याअभावी त्यातली बरीच मेली. मला नवल नाही वाटलं. आज सकाळीच आमच्या ग्रुपबरोबर टेकडीवर कॅन घेऊन चढले होते. खाली नुसता मुरूम, पाणी ओतलं की बाजूनं वाहून जातं, म्हणून आधी आळं नीट करायचं, मग हळूहळू ओतायचं आणि वर वाळकं गवत पसरायचं. वावळाची पानं पार गळाली होती, पण नखानं साल जरा खरवडली तर आत हिरवी, इतकं बरं वाटलं! जुलैत फोटो काढायला गर्दी असते, मे महिन्यात आम्ही चार-पाच टाळकी. निदान तीन उन्हाळे असं पाणी घालायला लागतं, वर वणव्याची भीती वेगळीच, झाड जळलं की साठवलेला कार्बन परत हवेत.

झाडं लावायचीच, टेकडीसाठी, पाखरांसाठी, सावलीसाठी. पण ती विमानाची पावती म्हणून नकोत, कारण ते इंधन जमिनीखाली कोट्यवधी वर्षं गाडलेलं होतं आणि आपण ते वर आणून जाळतोय. न जाळणं हाच खरा उपाय.

ताईकडे जाणारच आहे, फार दिवस झाले भेटून. पण ऑफिसच्या बंगळुरूच्या मीटिंगांना पुण्याहून उद्यान एक्स्प्रेस आहे की, रात्र गाडीत काढायची, आणि निम्म्या मीटिंगा तर व्हिडिओ कॉलवरही होतील. उद्या सरांशी बोलते.