ठिगळ भिंतीत मिसळायला लागलंय

फेब्रुवारी २०२१च्या गोठवणाऱ्या थंडीत ह्यूस्टनमध्ये कितीतरी घरांतले पाइप फुटले, त्यात आमच्या पाहुण्यांच्या खोलीतलाही. ड्रायवॉल (भिंतीला लावलेली, कागद चढवलेली जिप्समची पाटी) कापून पाइप दुरुस्त झाला, नवा तुकडा बसला, रंगही मारून मिळाला. पण दोन फूट बाय तीन फुटांचा तो चौकोन गुळगुळीतच राहिला आणि बाकीची भिंत नॉकडाउन टेक्स्चरची, म्हणजे चपट्या माथ्यांच्या टेंगळांची, खडबडीत. संध्याकाळी दिवा लावला की नजर आधी तिथेच जायची. यंदा तो स्वतःच्या हाताने जुळवायला घेतलाय.

पहिले दोन शनिवार भिंतीला हात लावला नाही. ड्रायवॉलच्या उरलेल्या तुकड्यांवर प्रायमर मारून सराव केला. प्रायमर चुकवू नका, नाहीतर उघडा कागद पाणी शोषून घेतो आणि टेक्स्चर एकसारखं सुकत नाही.

टेक्स्चर होतं जॉइंट कंपाउंडचं, म्हणजे ड्रायवॉलचे सांधे भरायच्या लगद्याचं. तो बादलीत असतो श्रीखंडासारखा घट्ट. थोडं थोडं पाणी घालत तो धिरड्याच्या पिठाइतका सैल केला, गुठळ्या मोडल्या आणि भाड्याने आणलेल्या हॉपर गनने (हवेच्या दाबाने मिश्रण उडवणाऱ्या फवारणी-बंदुकीने) शिंतोडे उडवले. यात अवघड काही नाही. खरी कसोटी त्यानंतर थांबण्यात आहे. ओले शिंतोडे चमकतात. ती चमक उतरली की रुंद पट्टी (माझी १८ इंची आहे) जवळजवळ आडवी धरून, जोर न देता फिरवायची. मग टेंगळांचे माथे तेवढे चपटे होतात.

सातव्या मिनिटाला पट्टी फिरवली तर सगळं फासलं गेलं, लांबी भरल्यासारखं. पंचविसाव्या मिनिटाला कडा फाटल्या, कण ओढले जाऊन ओरखडे उठले. एसीत बाराव्या मिनिटाला मनासारखं जमलं! पण गॅरेजच्या दमट हवेत त्यालाच अठरा मिनिटं लागली. तेव्हापासून घड्याळ बघणं सोडलं. टॉर्च भिंतीलगत तिरका धरतो आणि चमक बघतो.

गेल्या शनिवारी भिंतीवर काम केलं. चौकोनाचा रंग घासून प्रायमर मारला, आजूबाजूला प्लास्टिक लावलं, पण जुन्या टेक्स्चरची चार-पाच इंच कड मुद्दाम उघडी ठेवली. तिथपर्यंत शिंतोडे गेले नाहीत तर सांध्याची रेघ कायम दिसते. पट्टी दर फटक्यानंतर ओल्या फडक्याने पुसली. (घर १९८०च्या आधीचं असेल तर जुनं टेक्स्चर घासण्यापूर्वी ॲस्बेस्टॉसची तपासणी करून घ्या. आमचं नंतरचं आहे.)

आकार जुळला, दाटी जुळली, तरी नवं टेक्स्चर उठून दिसत होतं. दोन दिवस त्याच्याकडे बघत बसल्यावर कारण सापडलं. जुन्या भिंतीवर रंगाचे तीन-चार हात बसलेत, त्यामुळे तिच्या कडा बोथट झाल्यात आणि माझ्या कडा अजून धारदार आहेत. सुकल्यावर ओलसर स्पंजाने त्या हलक्या हाताने मोडल्या आणि टॉर्चच्या उजेडात चौकोनाची वरची बाजू मला शोधावी लागली. फार आनंद झाला.

खालचा डावा कोपरा मात्र बिघडलाय. तिथे गन जवळ गेली आणि थेंब मोठे पडले. तयार कंपाउंड रंग लागेपर्यंत पाण्याने पुन्हा मऊ होतं, म्हणून तेवढा भाग भिजवून खरवडून काढलाय. येत्या शनिवारी तो कोपरा पुन्हा उडवायचा, नंतर प्रायमर आणि मग पूर्ण भिंतीला रंग. नुसत्या ठिगळाला रंग दिला तर छटेतला फरक दिसेल.