गुळ्या नावाचा ससा

सांगलीत माझा पाळीव प्राण्यांचा दवाखाना आहे, येतात ती जास्त करून कुत्री नि मांजरं. ससा कधीतरीच येतो आणि येतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो, कारण ससा ओरडत नाही, विव्हळत नाही, दुखलं तरी कोपऱ्यात गप बसतो, दुसऱ्याची शिकार होणारं जनावर ते, आजारपण लपवणं त्याच्या रक्तातच आहे.

जानेवारीत एका सकाळी कवलापूरहून एक आजोबा नि तिसरीतला नातू आले. खोक्यात तपकिरी ससा, नाव गुळ्या. आजोबा म्हणाले, "तसं काय झालं न्हाई डॉक्टर, गप बसलाय नेहमीगत, पण ह्ये पोरगं शाळंला जायना म्हणून आणलं."

मी पोरालाच विचारलं, काय झालं रे बाळा? त्यानं गुळ्याच्या पाठीवरचा हात काही काढला नाही. "काल सांजच्याला लेंड्या बारक्या झाल्या, मिऱ्याएवढ्या. आज एकबी न्हाई. आन् पहाटं मऊ लेंडी खातोय, ती बी खाल्ली न्हाई." आजोबांना एकदम लाजल्यासारखं झालं, "आरं, काय सांगतोयस!" पण पोरगं अगदी बरोबर बोलत होतं, ससे ती मऊ लेंडी परत खातातच, बी व्हिटॅमिन त्यातून मिळतं त्यांना. मग म्हणाला, "कानामागं खाजवलं की दात बारीक टकटक वाजवतोय. आज करकर वाजवायलाय."

मी वाकून कान लावला. खरंच करकर. टकटक म्हणजे ससा खुशीत आणि करकर म्हणजे वेदना, हा फरक सांगणारा पालक मला तरी आजवर भेटला नव्हता, आणि हे पोरगं आठ वर्षांचं! एवढी हिस्ट्री मिळाल्यावर अर्धं निदान झालंच होतं.

टेंपरेचर 37.3, सशाचं साधारण 38.5 ते 40 असतं. पोट चाचपलं तर जठर मळलेल्या कणकेसारखं लागलं. एक्स-रेत अडकलेलं काही दिसलं नाही, गॅस मात्र होता. म्हणजे आतडं थंडावलं होतं. सशाला उलटी करता येत नाही, पोटात सारखा चारा पुढं सरकत राहावा लागतो, दिवसभर खाल्लं नाही तर जिवावर बेतू शकतं.

कारण विचारलं तर गाजरं! कवलापूरची गाजरं प्रसिद्धच, त्यांच्या घरी काढणी चाललेली, अंगणात ढीग, येणारा-जाणारा प्रत्येक जण कौतुकानं गुळ्यापुढं गाजर धरणार. चित्रात ससा गाजरच खातो ना. प्रत्यक्षात गाजरात साखर जास्त, त्याला हवं असतं ते तंतुमय गवत.

आधी वेदनेचं इंजेक्शन दिलं, कारण दुखत असताना तो खाणारच नाही, मग कातडीखाली कोमट सलाईन नि शेकायला गरम पाण्याची पिशवी. नंतर गवताच्या पावडरीची पेज सिरिंजनं भरवायची होती, पण माझ्या हातात गुळ्या झटके द्यायला लागला, आणि सशाला घट्ट आवळून धरता येत नाही, जोरात लाथ झाडली तर त्याचाच मणका मोडतो. शेवटी पोरगं फरशीवर मांडी घालून बसलं, गुळ्याला मांडीवर घेतलं, कानामागं खाजवत राहिलं आणि मी गालफडाच्या बाजूनं थेंब थेंब सोडत गेले. गुळ्या चावायला लागला. पोरगं मला मधेच थांबवायचं, "थांबा, गिळू दे त्येला." दिवसभर असंच. आजोबांनी डबा मागवला तर पोरानं दोन घास खाल्ले नि परत फरशीवर.

संध्याकाळी ओरडलं, "टाकली! टाकली!" लेंडी बारीकच होती, पण आतडं चालू झालं होतं. आजोबांनी डोळे पुसले, माझेही भरून आले होते.

घरी सोडताना औषधं समजावली, गाजर बंद, वाळलेलं गवत समोर सतत हवं आणि हिरवं द्यायचं तर गाजराचा पाला दे म्हटलं.

"पाला? त्यो तर आम्ही म्हशीला टाकतोय!"

"मग म्हशीच्या आधी गुळ्याला ठेव. फवारणीचा नको मात्र."

पोरगं लगेच आजोबांकडं वळलं, "आज्या, वरच्या वावरात फवारलंय का?"